डिफरेन्शियलच्या फिलर प्लगचे आटे गेले तर: आधी माप, मग टॅप

"मिस्त्री, प्लग नुसता गरगर फिरतोय, बसंना झालाय."

गळीत हंगाम ऐन भरात होता. उसाचा दहा चाकी ट्रक रिकामा होऊन दारात उभा राहिला आणि ड्रायव्हरनं चिंधीत गुंडाळलेला प्लग माझ्या हातावर ठेवला. प्लगच्या खोबणीत स्प्रिंगसारख्या वळलेल्या बारीक चकचकीत तारा अडकल्या होत्या. ते हाऊसिंगचे (डिफरेन्शियल म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधली गिअरपेटी, तिच्या बाहेरच्या कवचाचे) आटे, सोलून बाहेर आलेले.

"किती घट्ट केलावता?"

"गळत हुतं, म्हणून पान्याला पाइप घालून दिला की एक हिसका."

ट्रकखाली शिरून पाहिलं. प्लगच्या खालून ऑइलचा ओघळ होताच, पण वरचा ब्रीदर चिखलानं ठासून भरला होता. गाडी चालली की डिफरेन्शियलमधलं ऑइल तापतं, आतली हवा फुगते आणि ब्रीदरमधून बाहेर पडते. ब्रीदर बंद असेल तर ती हवा प्लगच्या आट्यांतून नाहीतर पिनियनच्या (आत फिरणाऱ्या छोट्या गिअरच्या) सीलमधून वाट काढते आणि येताना ऑइल घेऊन येते. म्हणजे प्लग सैल नव्हताच. पाच मिनिटांत ब्रीदर साफ केला असता तर गळती थांबली असती, त्याऐवजी आटे गेले.

फिलर प्लगवर कसलाही भार नसतो. तो हबचा बोल्ट नाही. ऑइल आत ठेवायचं आणि धूळ-पाणी बाहेर, एवढंच त्याचं काम. तरी त्याच्यावर पाइप चढतो, इम्पॅक्ट गन चालते, दुसऱ्याच गाडीचा प्लग "बसतोय की" म्हणून कोंबला जातो. त्यातून हाऊसिंग बीडाचं (ओतीव लोखंडाचं) आणि प्लग पोलादी असला की भांडणात बीडच हरतं.

सुरुवात करण्यापूर्वी

गाडी सपाट जागेवर उभी करा, पार्किंग ब्रेक लावा, चाकांना पुढून-मागून ओट (पाचरी) लावा आणि चावी आपल्या खिशात ठेवा. मोठ्या ट्रकखाली जॅक न लावताही मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत पोहोचता येतं, म्हणून गाडी उचलूच नका. गाडी तिरकी झाली तर शेवटी लेव्हल बघतानाही फसगत होते. ऑइल गरम असेल तर तासभर थांबा. गिअर ऑइल अंगाला चिकटून राहतं, त्याचा चटका पाण्यासारखा ओघळून जात नाही.

आटे गेले नसले तरी एक सवय कायमची लावून घ्या. ऑइल बदलताना आधी वरचा फिलर प्लग उघडून बघायचा, मगच खालचा ड्रेन प्लग. ड्रेन आधी उघडला, सगळं ऑइल परातीत आलं आणि वरचा प्लग हलेना, अशी गाडी रस्त्याकडेला उभी राहिलेली मी पाहिली आहे. रिकाम्या डिफरेन्शियलवर गाडी एक किलोमीटरसुद्धा हलवता येत नाही.

प्लग फिरतोय पण बाहेर येत नाही, अशीही एक अवस्था असते. डोकं असलेला प्लग असेल तर डोक्याखाली पातळ छिन्नी किंवा स्क्रू ड्रायव्हरची तरफ देऊन तो बाहेर ओढत ओढत फिरवा. आत शिरलेला, चौकोनी भोकाचा प्लग असेल तर त्याला एखादा बोल्ट वेल्डिंगचा छोटा टाका मारून जोडायचा आणि धरून ओढायचा. त्याआधी ब्रीदर मोकळा करा, बॅटरीची वायर काढा, आजूबाजूचं ऑइल पुसून घ्या. प्लग येण्याआधी भोकाभोवतीचा चिखल तारेच्या ब्रशने खरवडून काढा, नाहीतर तो सगळा आत जातो.

आटा कुठला, ते आधी ओळखा

या कामात निम्मा वेळ इथे गेला तरी चालेल. मी स्वतः इथेच फसलो होतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी अमेरिकन बनावटीच्या डिझाइनचा एक अ‍ॅक्सल कामाला आला होता. प्लग पाऊण इंची. मी नळवाल्याकडून पाऊण इंची टॅप (आटे पाडायचं हत्यार) आणला, तो लोण्यासारखा आत गेला, प्लगही छान बसला. चौथ्या दिवशी गाडी परत आली, अ‍ॅक्सलभर ऑइल. प्लग काढून उजेडात धरला तेव्हा आट्यांची टोकं चपटी झालेली दिसली. आमच्या गल्लीच्या टोकाला लेथवर बसणाऱ्या अण्णांनी पिच गेजचं (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) पातं प्लगवर टेकवलं आणि एवढंच म्हणाले, "अरे, हा नळाचा आटा न्हवं."

गोष्ट अशी. आपल्या घरच्या नळाला, मोटारीच्या पाइपला असतो तो बीएसपी आटा. त्याचं मूळ इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली सुचवलेल्या आट्यात आहे आणि त्याचा कोन ५५ अंशांचा. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये ६० अंशांचा आटा मांडला आणि तिकडच्या पाइपांचा एनपीटी आटा त्याच कोनाचा आहे. बाकीच्या मापांत दोघांची गाठ पडत नाही, पण अर्धा इंची आणि पाऊण इंची या दोन मापांत दोन्हीकडे इंचाला १४ आटेच असतात. फसगत तिथेच होते. पाऊण इंची बीएसपीचा बाहेरचा व्यास २६.४४ मिलिमीटर आणि एनपीटीचा २६.६७. पिच एकच, व्यासात फरक पाव मिलिमीटरचाही नाही. त्यामुळे एकाचा प्लग दुसऱ्यात तीन-चार फेरे गुपचूप जातो आणि आवळतोही. पण कोन वेगळा असल्याने आट्याच्या बाजूने गोल फिरत जाणारी एक बारीक वाट उरते आणि ऑइल तिथून पाझरत राहतं. मग कोणीतरी अजून आवळतं.

तिसरा भाऊ म्हणजे मेट्रिक. एम २७ चा (म्हणजे २७ मिलिमीटर व्यासाचा) प्लग नुसत्या डोळ्यांना पाऊण इंचीच वाटतो आणि एम २२ चा अर्धा इंची वाटतो. पण मेट्रिक प्लग सहसा सरळ असतो, त्याला डोकं किंवा कॉलर असते आणि खाली तांब्याचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं वायसर. ऑइल अडवतं ते वायसर, आटे फक्त दाब देतात. टेपर, म्हणजे एनपीटीसारख्या टोकाकडे निमुळत्या होणाऱ्या, प्लगला वायसर नसतं. तो पाचरीसारखा भोकात रुततो आणि आट्यांनीच सील करतो.

तपासायला व्हर्नियर आणि पिच गेज पुरे. प्लगवर टोकाजवळ व्यास मोजा, मग तिथून आठ मिलिमीटर वर सरकून पुन्हा मोजा. टेपर १६ला १ असतो, म्हणून आठ मिलिमीटरात अर्धा मिलिमीटर फरक आला तर आटा टेपर. फरक नसेल तर सरळ. मग पिच गेजचं पातं खोबणीत बसवून बल्बकडे धरा. ६० चं पातं ५५ च्या खोबणीत बसवलं तर कडेने उजेडाची बारीक रेघ दिसते. मोजताना सोललेला भाग सोडून प्लगचा चांगला भाग घ्या. प्लगच खराब असेल तर अ‍ॅक्सलच्या नेमप्लेटवरून पार्ट नंबर काढा आणि नवा प्लग आणून तो मोजा.

मागच्या कोणी चुकीचा प्लग घातला असेल तर प्लग एक सांगतो आणि भोक दुसरंच. म्हणून भोकात बोट घालून आतले आटे चाचपून बघा. आतल्या टोकाकडे दोन-तीन आटे बहुतेक वेळा शाबूत असतात, खरं माप तेच सांगतात.

नुकसान किती, तेही बघा

मोबाइलचा टॉर्च आणि दंतवैद्याकडे असतो तसला छोटा आरसा घेऊन भोकाच्या आत बघा. पहिले एक-दोन आटे वाकडे झाले असतील, आत गंज किंवा जुनं सीलंट अडकलं असेल, तर ते आटे गेले म्हणायचे नाहीत, मळले म्हणायचे. त्याला टॅप फिरवून साफ करणं पुरतं. निम्म्याहून जास्त आटे सपाट झाले असतील, भोकाची भिंत गुळगुळीत लागत असेल, तर साफसफाईने काही होणार नाही.

हाऊसिंग कशाचं आहे तेही पाहा. बीडाचं, पत्र्याचं दाबून-वेल्ड केलेलं, की छोट्या गाड्यांत असतं तसं अ‍ॅल्युमिनियमचं झाकण? हातोडीने हलकं ठोकून बघितलं तर आवाजावरून अंदाज येतो. पत्र्याच्या हाऊसिंगमध्ये प्लगच्या जागी जाड बॉस (गोल कडं) वेल्ड केलेला असतो, आटे त्यातच असतात. बॉसची बाहेरची गोलाई मोजून ठेवा, पुढे लागेल.

मळलेले आटे: टॅप, तोही जपून

खरा टॅप मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला तर जुना, आटे शाबूत असलेला त्याच मापाचा पोलादी प्लग घ्या आणि पातळ कटिंग व्हीलने त्याच्या आट्यांवर तीन-चार उभ्या खाचा मारा. खाचांच्या कडा कानशीने साफ केल्या की झाला घरचा टॅप. गंज आणि मळ काढायला हा पुरतो, नवं धातू कापायला नाही. आमच्याकडे अशा खाचा मारलेल्या प्लगांचा एक डबाच भरलाय.

टॅप फिरवण्याआधी ऑइल काढायचं की नाही, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. काढायचं. फिलर भोकाची खालची कड हीच ऑइलची लेव्हल असते, म्हणजे पडणारा प्रत्येक कण थेट ऑइलमध्ये. ते ऑइल क्राउन-पिनियनच्या दातांत आणि बेअरिंगांत फिरतं. दोन ग्रॅम बिडाच्या चुऱ्यापायी बेअरिंग गमावण्यापेक्षा दहा-पंधरा लिटर ऑइल परवडलं.

भोकाच्या आत दोरी बांधलेला चिंधीचा बोळा सारा. दोरी बाहेर लोंबकळती राहू द्या आणि कशाला तरी बांधा. टॅपच्या खाचा घट्ट ग्रीसने भरा, चुरा ग्रीसला चिकटून बाहेर येतो. जमलं तर ब्रीदरच्या जागेतून कॉम्प्रेसरची हलकी हवा सोडा, म्हणजे भोकातून हवा बाहेर येत राहते आणि बारीक कण आत न जाता बाहेर उडतात. हवा हलकीच हवी, भोकासमोर धरलेल्या तळव्याला फुंकर लागावी एवढी. जोर जास्त झाला तर पिनियनचं आणि हबचं सील उलटं पडेल. चष्मा घालायला विसरू नका.

टॅप भोकाशी काटकोनात आहे ना, हे दोन बाजूंनी बघून मगच वळवा. पहिला फेरा हाताने, जोर न लावता. मग अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे चुरा तुटतो. पत्रा किंवा पोलाद असेल तर कटिंग ऑइल वापरा. बीडाला ते लागत नाही, ग्रीस पुरतं. दोन-तीन फेऱ्यांनी टॅप पूर्ण बाहेर काढून पुसा, पुन्हा ग्रीस भरा. कंटाळा इथेच येतो आणि काम इथेच बिघडतं.

टेपर आट्यात एक सोय आहे. टॅप जितका आत जाईल तितकं भोक मोठं होतं, म्हणून वरवर जखमी झालेल्या आट्यांना एखाद-दुसरा फेरा आत गेल्यावर थोडं ताजं धातू मिळतं. पण या सोयीवर किती विसंबायचं, त्याचं गणित करून बघा. पाऊण इंची एनपीटीचा पिच १.८१ मिलिमीटर, टेपर १६ला १, म्हणजे एक आख्खा फेरा आत गेल्यावर व्यास वाढतो फक्त ०.११ मिलिमीटर. आट्याची उंची मात्र जवळजवळ दीड मिलिमीटर. सोललेला आटा टॅप आत घालून परत येत नाही, भोक मात्र बिघडतं आणि प्लग बुडून आत जातो. एकेक फेरा आत जाऊन दर वेळी प्लग लावून बघा. हाताने साडेचार-पाच आटे धरले की थांबा.

सरळ मेट्रिक आटा गेला असेल तर

एम २४ × १.५ चा (व्यास २४, पिच १.५ मिलिमीटर) आटा सोलला गेला की भोक आधीच साडेतेवीस-चोवीस मिलिमीटरचं झालेलं असतं. एम २६ × १.५ साठी साडेचोवीसचं भोक लागतं, म्हणजे थोडंसंच कापायचं असतं. रीमरने (भोक थोडं थोडं मोठं करायच्या हत्याराने) साडेचोवीस करा, टॅप मारा, एम २६ चा प्लग आणि वायसर लावा. एम २७ × १.५ ला साडेपंचवीसचं भोक लागतं. बॉसला पुरेशी भिंत असेल तर मोठ्या मापाचा प्लग हा सर्वांत सोपा उपाय. नवीन आट्याच्या बाहेर निदान सात-आठ मिलिमीटर धातू उरायला हवं, आणि वायसर पूर्ण बसेल एवढा सपाट भाग.

मूळ माप ठेवायचं असेल तर हेलिकॉइल. ही हिऱ्यासारख्या छेदाच्या स्टेनलेस तारेची स्प्रिंग असते. भोक थोडं मोठं करून (एम २४ ला साधारण २४.४ मिलिमीटर, किटावर लिहिलेलं असतं तेच धरा) किटातल्याच टॅपने आटे पाडायचे, स्प्रिंग फिरवून आत बसवायची, तळाचा आडवा तुकडा मोडून काढायचा. तो आत पडू देऊ नका. हेलिकॉइलची मजबुती चांगली असते, पण तारेच्या मागून ऑइल वर येऊ शकतं. म्हणून वायसरची बाहेरची कड हेलिकॉइलच्या बाहेरच्या आट्याच्याही पलीकडे, साध्या सपाट धातूवर टेकली पाहिजे. एम २४ साठी तो बाहेरचा आटा जवळपास २६ मिलिमीटर असतो, तेव्हा बाहेरून ३० मिलिमीटरचं वायसर घ्या. स्प्रिंग बसवताना आट्यांना अ‍ॅनेरोबिक (हवा बंद झाली की कडक होणाऱ्या) सीलंटचा पातळ हात द्या.

टेपर भोकाला साधं हेलिकॉइल लावू नका. सरळ स्प्रिंग आणि पाचरीचा प्लग, यांचं जुळत नाही.

टेपर आटा पूर्ण गेला: बुश

उसाच्या ट्रकचं हेच झालं होतं. पाऊण इंची एनपीटी, भिंत गुळगुळीत. पहिला विचार असतो एक इंची एनपीटीचा प्लग लावायचा. त्यासाठी २९.४ मिलिमीटरचं भोक लागतं आणि प्लगचा व्यास ३३.४. गाडीखाली पाठीवर झोपून हातातल्या ड्रिलने एवढं भोक पाडणं म्हणजे मनगट मोडून घेणं. ड्रिल एकदा अडकलं की भोक अंडाकृती होतं, आणि अंडाकृती भोकाला कुठलाच प्लग वळत नाही.

म्हणून आम्ही उलटं करतो. भोक थोडंच वाढवायचं, त्यात कॉलरचं बुश (आतून-बाहेरून आटे असलेली आखूड नळी) कायमचं बसवायचं आणि बुशच्या आत छोटा प्लग ठेवायचा.

बुशचं बाहेरचं माप एम ३० × १.५, त्यासाठी भोक २८.५. आतला प्लग एम २० × १.५, तांब्याच्या वायसरसह. आतलं माप पाऊण इंचच ठेवायचा मोह होतो, पण एम ३० च्या आट्याचा तळ २८.२ मिलिमीटर आणि पाऊण इंची एनपीटी २६.७. मध्ये पाऊण मिलिमीटर भिंत उरते, ती पहिल्या आवळणीलाच फाटेल. मूळ मापच हवं असेल तर बाहेरचा आटा किमान एम ३३ घ्यावा लागतो आणि तेवढा बॉस प्रत्येक हाऊसिंगला नसतो. एम २० ला दोन्हीकडून चार-चार मिलिमीटर भिंत मिळते. शिवाय छोट्या प्लगला छोटा टॉर्क पुरतो, म्हणून पुढच्या वेळी प्लग खोलताना बुश सोबत फिरून येत नाही. आतही टेपर प्लग घालू नका, त्याची पाचर बुशला आतून फाकवते.

ऑइलची लेव्हल बदलते का? भोकाची खालची कड सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास वर सरकते. एवढ्या मोठ्या पोटात त्याने काही बिघडत नाही. ऑइलच्या पंपाची नळी एम २० मधून आरामात जाते.

लेथवाल्याकडे जाण्याआधी एक माप घ्याच: हाऊसिंगच्या भिंतीची जाडी, आणि भोकापासून आत क्राउन किती लांब आहे. टोकाला काटकोनात वळवलेली तार आत घालून भिंतीच्या मागच्या कडेला अडकवा, बाहेरून अंगठ्याच्या नखाने खूण धरा, मग तार काढून मोजा. बुश भिंतीपेक्षा आत अजिबात डोकावता कामा नये. प्लगही तसाच आखूड हवा. आत फिरणाऱ्या क्राउनला लोखंड लागलं तर आवाज येईपर्यंत बरंच काही गेलेलं असतं.

कोल्हापुरात उद्यमनगरात हे बुश लेथवर तासाभरात निघतं. माइल्ड स्टील चालतं. कॉलर बाहेरून ४० मिलिमीटर, जाडी चार-पाच, वर पाना लागण्यासाठी दोन समोरासमोर सपाट बाजू. कॉलरचा खालचा आणि वरचा चेहरा एकाच सेटिंगमध्ये आट्याशी काटकोनात घ्यायला सांगा, वायसर त्यावरच बसणार आहे. आम्ही अण्णांकडेच जातो. ते चित्र मागतात. तोंडी सांगितलेलं माप त्यांना चालत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे.

भोक वाढवायला ड्रिल वापरू नका. अ‍ॅडजस्टेबल हँड रीमर घ्या, टॅपच्या हँडलने फिरवा, दर वेळी दोन-तीन दशांश मिलिमीटर वाढवत जा. बीड रीमरने सुंदर कापलं जातं, कोरडंच. रीमर जुन्या भोकाच्या रेषेतच चालतो, म्हणून भोक तिरकं जात नाही. रीमर एकाच दिशेने फिरवायचा, मागे फिरवला तर धार जाते. चुऱ्याची काळजी टॅपसारखीच: बोळा, ग्रीस, फुंकर. मग एम ३० चा टॅप, हळूहळू. कॉलर टेकेल ती जागा कानशीने सपाट करा आणि निळ्या शाईने किंवा मार्करने रंगवून बुश टेकवून फिरवा. शाई सगळीकडून सारखी पुसली जायला हवी.

आता दोन्ही आटे ब्रेक क्लीनरने धुवा. पेट्रोल वापरू नका, त्याचा तेलकट थर राहतो आणि सीलंट धरत नाही. सुकल्यावर बुशच्या बाहेरच्या आट्यांना लॉकटाइट ६३८ सारखं रिटेनिंग कंपाउंड आणि कॉलरखाली सीलंटचा पातळ थर लावा. बुश आवळा आणि रात्रभर सोडा. हे कंपाउंड हवेत सुकत नाही, धातूच्या फटीत हवा बंद झाली की कडक होतं. "वरचं तर ओलंच दिसतंय" म्हणून पुन्हा फिरवून बघू नका. पूर्ण कडक व्हायला चोवीस तास धरा. सकाळी कॉलरच्या कडेला तीन जागी सेंटर पंचने हलकी खूण मारा, म्हणजे बुश फिरायचं नाव घेत नाही.

वेल्डिंग, एम-सील आणि टेफ्लॉन

पत्र्याच्या हाऊसिंगचा बॉसच फाटला असेल तर नवा बॉस वेल्ड करणं हा खरा उपाय आहे, पण अ‍ॅक्सल खोलून, आतून धुऊन. गाडीवरच एवढा आर्क मारला तर करंट बेअरिंगमधून जाऊ शकतो आणि रोलर्सवर बारीक खड्डे पडतात. आजच्या गाड्यांचा ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) जाण्याची भीती वेगळीच. बीडावर साध्या रॉडने वेल्ड मारू नका, शेजारी तडा जातो. निकेलचा रॉड, आधी गरम करणं आणि नंतर हळू थंड होऊ देणं, हे सगळं करू शकणारा माणूस असेल तरच.

एम-सीलने भोक बुजवून गाडी गॅरेजपर्यंत आणता येते. आटे धुऊन, सुकवून, प्लगभोवती पुरेसं लावलं तर ते एक-दोन दिवस टिकतं. तो कायमचा उपाय समजू नका, पुढच्या वेळी प्लग काढताना उरलेले आटेही घेऊन येतं.

टेफ्लॉन टेप मी डिफरेन्शियलला लावत नाही. नळाला ती ठीक आहे. इथे तिचे धागे आत जातात, आणि ती इतकी निसरडी असते की हाताला जोर कळत नाही आणि प्लग गरजेपेक्षा आत आवळला जातो. टेपर प्लगला लॉकटाइट ५६७ किंवा ५७७ सारखं सीलंट लावा, पहिला आटा कोरडा सोडून.

धुणं, भरणं, आवळणं

बोळा दोरीने हळू ओढून काढा. आत बोटभर लांब मॅग्नेट फिरवा आणि पुसत राहा, त्याला काही चिकटेनासं होईपर्यंत. ड्रेन प्लग उघडा ठेवून वरून दोन-तीन लिटर स्वस्तातलं पातळ ऑइल ओता, खाली चाळणीत काय येतं ते बघा. जुने लोक डिझेल वापरतात. वापरा, पण रात्रभर ठिबकू द्या आणि डिझेल आत असताना गाडी हलवू नका. काढलेलं जळकं ऑइल मातीत ओतू नका, रिसायकलवाला नेतो.

नंतर गाडीच्या पुस्तकात सांगितलेलं ऑइल भरा. ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलला बहुधा जीएल-५ प्रतीचं ८०डब्ल्यू-९० किंवा ८५डब्ल्यू-१४० सांगितलेलं असतं. गंधकाचा तो उग्र वास आला की ते ईपी (दातांवरचा जबर दाब सोसणारं) ऑइल आहे हे कळतं. भोकाच्या खालच्या कडेवरून ऑइल बाहेर ओघळू लागेपर्यंत भरा. मग दहा मिनिटं थांबा. अ‍ॅक्सलच्या नळ्यांत ऑइल पसरायला वेळ लागतो. पुन्हा थोडं भरा. करंगळी आत घालून वाकवली की पेराला ऑइल लागलं पाहिजे.

आवळण्यासाठी पुस्तकातला टॉर्क आणि टॉर्क पाना. पुस्तक नसेल तर जोराचा अंदाज घ्यायला एक मोजमाप लक्षात ठेवा: अर्ध्या मीटरच्या पान्याच्या टोकाला दहा किलोची ओढ म्हणजे जवळपास ५० न्यूटन-मीटर. बाजारातून पाच-पाच किलोच्या दोन पिशव्या एका हाताने उचलताना लागतो तेवढाच जोर. टेपर प्लग हाताने बसला की पान्याने दीड-दोन फेरे, बस्स. एम २० च्या प्लगला तांब्याचं नवं वायसर घाला आणि वायसर दबल्याची जाणीव झाली की थांबा. जुनंच वायसर वापरावं लागलं तर ते गॅसवर लाल करून थंड होऊ द्या, तांबं पुन्हा मऊ होतं.

आणि ब्रीदर. काढा, डिझेलमध्ये बुडवा, तोंडाजवळ न नेता हवेने फुंका, परत लावा. धुलाईच्या प्रेशरचा पाइप ब्रीदरवर मारू नका, पाणी आत जातं.

चाचणीसाठी प्लगभोवती ब्रेक क्लीनर मारून सुकवा आणि शाळेतल्या पांढऱ्या खडूची पूड हाताने चोळा. पंधरा किलोमीटर गाडी चालवून आणा, अ‍ॅक्सल गरम असतानाच खाली बघा. पाझर असेल तर खडू तिथे काळपट होतो आणि नेमकी जागा दाखवतो: कॉलरखालून, प्लगच्या वायसरखालून, की वरून ब्रीदरकडून ओघळून. त्याप्रमाणे दुरुस्ती होते, नुसतं आवळून होत नाही.

हजारेक किलोमीटरनंतर ड्रेन प्लगचा मॅग्नेट एकदा बघून घ्या. काळी लोण्यासारखी पेस्ट नेहमीची असते. टोचणारे कण दिसले तर ऑइल पुन्हा बदला.

उसाच्या ट्रकच्या हाऊसिंगवर, बुशच्या शेजारी, मी अक्षरांच्या पंचने "एम २० × १.५" ठोकलं आणि वरून पांढरा रंग भरला. ड्रायव्हरनं वाकून वाचलं, मग केबिनमधून तो पाइपचा तुकडा काढून माझ्या भंगाराच्या डब्यात टाकला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत गाडी पुन्हा कारखान्याच्या रांगेत होती.